सव्वा तासाचं अंतर

नागपूर ते होनोलुलू हे अंतर बारा हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. माझ्या तरुणपणी तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे. बदलत गेली ती वेळ. आधी दीड दिवस लागायचा, मग सव्वा तास लागू लागला, आणि माझ्यासाठी तर पुढे ती मोजायचं कामच उरलं नाही.

मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवून विचारायचे, "ही दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मग सरळ पूर्वेला चालत राहिलं की आलं होनोलुलू, बरोबर?" सगळ्या मुली एका सुरात हो म्हणायच्या. मग एका मुलीच्या हातात दोऱ्याचं एक टोक द्यायचे, दुसरं दुसरीच्या, आणि म्हणायचे, "ताणा." दोरा ताणला की आपोआप वर सरकायचा, चीन ओलांडून जपानच्या उत्तरेकडच्या भागावर चढायचा आणि तिथून खाली उतरून होनोलुलूला पोचायचा. गोलावर जवळची वाट वाकडी दिसते हे मुलींना त्या दोऱ्यानंच पटायचं. जगात इतकी शहरं असताना मॅडम दरवर्षी होनोलुलूच का घेतात, हेही त्यांना ठाऊक होतं. मॅडमची बहीण तिथे राहत होती.

तिचं कागदोपत्री नाव पल्लवी. घरात पिंकी. आमच्या काळात गल्लीत चार पिंक्या असायच्या. आमची मात्र त्र्याहत्तर वर्षांची झाली तरी पिंकीच राहिली. तिचा नवरा अभय समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करायचा. लग्न झालं आणि तो तिला समुद्राच्या मधोमध घेऊन गेला. तिथून कुठलीही जमीन जवळ नाही. विमानतळावर आईनं तिच्या हातावर दही ठेवलं तेव्हा ती रडता रडता म्हणाली, "आई, यात साखर नाही टाकली." आणि आम्ही सगळे तेवढ्या रडण्यात हसलो.

मी तिच्याकडे तीनदा गेले. मुंबई, मग टोकियो, मग होनोलुलू. पाय सुजायचे, मान आखडायची, शेजारचा माणूस खांद्यावर झोपायचा. पण समोरच्या सीटच्या पाठीवर एक छोटा पडदा असायचा आणि त्यावर नकाशा. निळ्या समुद्रावर आपलं इवलंसं पांढरं विमान मुंगीसारखं सरकायचं. खाली अक्षरं यायची : उरलेलं अंतर, उरलेला वेळ. लोक सिनेमे पाहायचे, मी तासन्‌तास तो नकाशाच बघत बसायचे. पिंकी जवळ येते आहे हे मला दिसायचं.

आणि इतकं लांब गेल्यावर चार दिवसांत कोण परत येतं? मी एकदा गेले की तीन महिने राहायचे. पिंकी आली की उन्हाळाभर असायची. तिची मुलगी रेवा माझ्या अंगणातच सायकल शिकली, माझ्याच चौकात पडून तिचा पुढचा दात गेला. त्या लांबलचक प्रवासानंच आम्हाला एकमेकींकडे इतके दिवस ठेवून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कोरोनाच्या साली विमानं बंद झाली होती. ते वर्ष आठवणारे आता कमी होत चालले आहेत. तेव्हाही आम्ही घाबरलो नव्हतो. विमानं पुन्हा सुरू होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

मग बाण आला.

त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. आपल्या सोनेगावच्या विमानतळावरून एक मोठं विमान त्याला पोटाशी धरून ढगांच्या वर नेतं आणि सोडून देतं. मग बाणाचं स्वतःचं इंजिन पेटतं. ते काही मिनिटंच जळतं, पण तेवढ्यात बाण हवा जिथे संपत येते तिथवर पोचलेला असतो. पुढे इंजिनाचं काम नाही. फुटाळा तलावाच्या पाण्यावर चपटा दगड तिरका मारला की तो कसा टप्पे खात जातो, तसा बाण हवेच्या वरच्या थरावर टप्पे खात अर्धी पृथ्वी पार करतो. वर त्याला अडवायला हवा नसते, म्हणून इंधन कमी आणि वेग अफाट. इंजिन पेटलं की आमच्या भागात काही वेळानं एक घुमल्यासारखा आवाज येतो आणि मांडणीवरची भांडी किणकिणतात. पहिल्या वर्षी लोक गच्चीवर धावायचे. आता कोणी मानही वर करत नाही.

सुरुवातीला मीही पेढे वाटले होते. रेवा तर पहिल्याच महिन्यात दारात उभी राहिली. "मावशी, तिकडे चहा टाकला होता, म्हटलं इकडेच येऊन प्यावा!" मी तिला मिठी मारली, पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली, तर ती म्हणाली, "नको गं, मला संध्याकाळी मीटिंग आहे. डोकावले फक्त." पुढे ती नेहमी डोकावतच राहिली. बूट काढायची, पण मोजे काढायची नाही.

बाणात एकच अडचण होती आणि ती तरुणांना अडचण वाटत नव्हती. इंजिन पेटतं तेव्हा माणसाचं वजन चौपट होतं. छातीवर तीन माणसं बसल्यासारखं वाटतं म्हणे. हृदयाला तेवढं जड झालेलं रक्त डोक्यापर्यंत चढवायचं असतं. तरुण नस लवचीक असते, आवळून रक्त वर ढकलते. म्हातारी नस कडक झालेली असते. रक्त डोक्यात पोचलं नाही की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि काहींची ती अंधारी पुन्हा जात नाही. असं पहिल्या वर्षी काही जणांचं झालं. मग जगभर नियम आला : सत्तरीपुढच्या प्रत्येकाची चाचणी. एका गोल खोलीत लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची, तिच्यात बसवून गरगर फिरवायचं, वजन चौपट होईपर्यंत. लोक त्याला रहाट म्हणू लागले. ही चाचणीच जोखमीची, म्हणून ती एकदाच. नापास झालात की कायमचे नापास.

तरीही आम्ही दोघी निश्चिंत होतो. जुनी विमानं होती ना! मग ती एकेक करून गेली. त्या विमानांचा खर्च निघायचा पुढच्या महागड्या खुर्च्यांवर, आणि त्या खुर्च्यांवरची माणसं आता बाणात बसत होती. मागे उरलो आम्ही : म्हातारे, पोटुशा बाया, हृदयाला तार घातलेले लोक. आमच्या भाड्यात इंधनही भागेना. लहान पल्ल्याची विमानं टिकली, पण होनोलुलूच्या चहूकडे हजारो किलोमीटर पाणीच आहे. मालाची जहाजं जात होती, पण आमच्या वयाला ती घेत नव्हती. टीव्हीवर एका तरुण अधिकाऱ्याला कोणीतरी हे विचारलं. तो गोड हसून म्हणाला, "आपले ज्येष्ठ नागरिक घरीच जास्त आनंदी असतात." मी टीव्हीकडे चप्पल उगारली, आणि मग मलाच हसू आलं.

मी माझ्या चाचणीला गेले तेव्हा सोनेगावच्या डॉक्टरनं मला रहाटाजवळ जाऊही दिलं नाही. आधीच्या तपासणीतच माझ्या हृदयातली एक झडप आखडलेली दिसली. पोरगा चांगला होता. म्हणाला, "आजी, तुम्हाला यात बसवलं तर तुम्हीपण जाल आणि माझी नोकरीपण."

घरी येऊन भिंत लावली. भिंतभर पडदा असतो तो. त्यात पिंकी अगदी समोर, तिच्या ओट्याशी उभी दिसायची.

"काय म्हणाला गं डॉक्टर?"

"म्हणाला, वरच जायचं असेल तर बाणाची गरज नाही, अशीच पाठवतो."

ती हसली नाही. पोळपाट बाजूला सारला आणि म्हणाली, "मग मी येते. कायमची येते, ताई. इथं मी काय करून राहिली? अभय गेला, रेवा कामात. दोघी मिळून भांडू तरी."

"रेवा सोडेल?"

"रेवाला काय, ती सव्वा तासावर आहे."

तिचं हृदय चांगलं होतं. तिकडचे डॉक्टर म्हणाले, पास होण्यासारखी तब्येत आहे. त्या दिवसापासून मी माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली. खिडकीजवळची जागा तिला, कारण लहानपणी तीच जागा मी तिला कधी मिळू दिली नव्हती. भिंतीला रंग दिला. ती रोज भिंतीवर येऊन तपासणी करायची.

"हा काय रंग लावून राहिली? पोपटी? दवाखाना वाटतो तो."

"तुलाच आवडायचा."

"पाचवीत!"

"मग तू सहावीत गेलीच कधी?"

तिच्याशी बोलण्यात दुपारचं माझं जेवण उशिरा व्हायचं. मनात ठरवून टाकलं होतं, ती आली की पहिल्या दिवशी गोळाभात करायचा, वरून फोडणीचं तेल. तिच्या केसांना तेल लावून द्यायचं. भिंतीवर ती पूर्ण दिसायची, डोळ्यांखालची सुरकुतीसुद्धा मोजता यायची, पण केसांना हात लावता यायचा नाही. आमची सगळी आस एवढ्या एका गोष्टीला येऊन थांबली होती.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

घरात कोणाचं मोठं काम असलं, परीक्षेचा निकाल असो, ऑपरेशन असो की कोर्टाची तारीख, की ज्याचं काम त्यानं पोटभर खाऊन जायचं आणि त्याच्या नावानं दुसऱ्यानं निर्जळी उपास धरायचा. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आणि उपास धरला आहे हे सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा उपयोग गेला, असं आई म्हणायची. काम करून माणूस घरी आलं की त्यानं आपल्या हातानं पाण्याचा पेला द्यायचा, मग उपास सुटायचा. तेव्हाच कळायचं, आज कोण आपल्यासाठी उपाशी होतं ते. माझ्या दहावीच्या निकालाला पिंकी दिवसभर ओठ चाटत दारात बसली होती. सात-आठ वर्षांची होती. मी पेला दिला तो तिनं गटागटा पिऊन टाकला आणि विचारलं, "किती टक्के?" मी सांगितल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी?"

तिची चाचणी सोमवारी होती. तिची सोमवारची दुपार म्हणजे आमची मंगळवारची सकाळ. मी सोमवारी सकाळपासून पाणी सोडलं. झडप आखडलेली, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू, मला कळत नव्हतं असं नाही. पण आई नव्हती, अभय नव्हता, रेवाला रीत ठाऊक नव्हती. पिंकीसाठी उपास धरायला जगात मी एकटीच उरले होते. भिंतीवर बोलताना मी मुद्दाम हातात चहाचा कप धरला आणि ओठाला लावून खाली ठेवला.

"नीट खाऊन जाशील ना?" मी विचारलं.

"हो गं. रेवानं यादीच दिली आहे. पाणी प्या, पाणी प्या. तीन दिवस झाले, पाणीच पिऊन राहिली मी. पोटात फुटाळा झाला." तिनं भरलेला ग्लास उचलून मला दाखवला. "आणि तू? जेवली?"

"जेवले. वांग्याची भाजी."

"कोरडी दिसून राहिली."

"भिंत खराब आहे."

तिनं पुढे वाकून मला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "येते उद्या-परवात. गादी उन्हात टाक माझी."

मंगळवारी गादी उन्हात टाकून खाली उतरले तर भिंत उजळली होती. रेवा होती, मागे दवाखान्याची पांढरी भिंत. तिनं काही बोलायच्या आधी मला कळलं.

"मावशी, आई ठीक आहे. शुद्धीवर आली आहे. पण रहाटात अर्ध्यावरच शुद्ध गेली तिची. मेंदूत रक्त पोचलं नाही. डॉक्टरांना नवल वाटलं. आधीच्या तपासण्या इतक्या चांगल्या होत्या. म्हणाले, अंगात पाणीच नव्हतं. मी स्वतः ग्लास भरून ठेवले होते मावशी, हे कसं झालं?"

"पुन्हा एकदा घेत नाहीत का?"

"नाही. एकदाच."

मग तिनं पिंकीला दाखवलं. उशीत चेहरा बुडालेला, हाताला सलाईन. मला पाहून तिनं रेवाला खूण केली, बाहेर जा म्हणून.

"ताई, रागावू नको."

"काय केलंस तू?"

"पाणी नव्हतं घेतलं. तो ग्लास तुला दाखवायला उचलला होता. तू बंद केल्यावर ओतून दिला." ती थांबत थांबत बोलत होती. "मला माहीत होतं, तू उपास धरशील. तुझं हृदय असं. कोणाचं ऐकणार नाहीस, आणि विचारलं असतं तर खोटं बोलली असतीस. मग मी म्हटलं, यावेळी आपला आपणच धरावा. मी धरला म्हणजे तुझा लागत नाही, तू जेवशील. असं देवाला सांगितलं मी. ताईला उपाशी ठेवू नको, हा माझ्याकडून घे."

माझी जीभ टाळूला चिकटली होती. चोवीस तास होऊन गेले होते.

"तू धरला नव्हतास ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मी पोटभर जेवले, पिंके."

"वांग्याची भाजी?"

"वांग्याची भाजी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी ओट्याशी जाऊन माठातलं पाणी पेल्यात घेतलं. प्यायले. प्यावंच लागलं. पण रीत म्हणून जो सुटायला हवा होता तो काही सुटला नाही.

त्यानंतर दीड वर्षं आम्ही भिंतीवर काढली. खाट तशीच होती. ती रंगावरून मला बोलायची, मी तिला तिच्या पांढऱ्या केसांवरून बोलायचे. एकदा तिनं भिंतीकडे पाठ केली, केस मोकळे सोडले आणि म्हणाली, "लाव तेल." मी वाटीत तेल घेऊन बसले खरी, हात उचललाही. मग तिनं आपणच केस बांधून घेतले. पुन्हा कधी ती तसं म्हणाली नाही.

पावसाळ्यानंतर तिला न्यूमोनिया झाला. रेवानं भिंत तिच्या खाटेजवळच लावून ठेवली होती. शेवटच्या दुपारी तिला श्वास घेता येईना. मी इकडे, तिच्याइतक्याच उंचीवर, माझ्या खाटेवर आडवी पडून तिच्याकडे पाहत राहिले. आमच्यामध्ये हातभर जागा दिसत होती. प्रत्यक्षात मध्ये चीन होता, जपान होता, आणि ते सगळं पाणी.

आठ दिवसांनी रेवाचा निरोप आला, "मावशी, आईला घेऊन येते."

मी सोनेगावला गेले. कोणाला घ्यायला जायचं असलं की लवकर जाऊन उभं राहायची माझी जुनी सवय. मोठ्या पाटीवर होनोलुलूच्या पुढे फक्त 'येत आहे' असं होतं. नकाशा नाही, सरकणारं विमान नाही. तेवढ्या वेळात बघणार तरी काय? मी खुर्चीत नीट बसते न बसते तोच रेवा बाहेर आली. एका खांद्यावर लॅपटॉप, छातीशी डबा. चहापत्तीचा असतो तेवढा.

"काही त्रास नाही ना झाला?" मी विचारलं. सवयीनं तोंडून गेलं.

रेवाला कळलं मी कोणाबद्दल विचारते आहे. "नाही मावशी. मांडीवरच होती."

राखेला चाचणी लागत नाही. इंजिन पेटलं तेव्हा तिचंही वजन चौपट झालं असेल. चौपट होऊन तरी किती?

घरी आल्यावर रेवानं डबा टेबलावर ठेवला. पोपटी भिंतीकडे पाहिलं, खिडकीजवळच्या खाटेकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिली. मी गोळाभात केला होता. तिनं उभ्याउभ्या चार घास खाल्ले.

"रामटेकला जायचं ना, अंबाळा तलावात अस्थी सोडायला? आज नाही जमणार गं. रविवारी येते ना मी, तेव्हा जाऊ. किंवा त्याच्या पुढच्या. सव्वा तास तर आहे."

"ये."

"तू एकटी राहशील?"

"एकटी कुठे?" मी डब्याकडे हात केला. "ही आहे ना."

तिनं माझ्या गालाला गाल लावला. मोजे घातलेलेच होते. बूट चढवले आणि गेली.

दार लावून मी आत आले. डबा उचलून तिच्या खाटेवर ठेवला, खिडकीकडच्या बाजूला. माठातून पेला भरून आणला. मग उभीच राहिले. काम करून जो घरी येतो, त्यानं पाणी द्यायचं. आलेली ती होती. पण उपाशी तर तीही होती, माझ्या नावानं, म्हणजे मीही द्यायचं होतं. कोणी कोणाला द्यायचं ते मला ठरवता येईना. शेवटी पेला दोन्ही खाटांच्या मध्ये स्टुलावर ठेवला आणि माझ्या खाटेवर बसले.

"मी जेवले नव्हते, पिंके," मी म्हणाले. "वांग्याची भाजी केलीच नव्हती त्या दिवशी."

काही वेळानं स्वयंपाकघरात भांडी किणकिणली. पेल्यातलं पाणी थरथरलं, काठापर्यंत बारीक वलयं गेली आणि निवांत झालं. मी तिथेच बसून राहिले. उठले तेव्हा रेवा तिकडे घरी पोचली असेल.